बिघडलेली यंत्रे अखंड ठेवा, अखंड द्या



शेती आणि आरोग्याच्या या पानावर जुना टी.व्ही., मोबाइल आणि चार्जर यांचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. पण घटकाभर आपल्या घरातून आणि गोठ्यातून फिरून विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू मोजून पाहा. मोटरचा स्टार्टर, फवारणीचा बॅटरीवरचा पंप, गवे आणि रानडुकरे यांच्यासाठी कुंपणाला जोडलेले झटका यंत्र, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, मिक्सर, फ्रीज, टी.व्ही. आणि त्याचा रिमोट, विजेऱ्या, ट्यूबलाइट, एल.ई.डी. बल्ब, मुलांची खेळणी, आणि बहुतेक घरांत माणशी एक मोबाइल. नांगर, कुळव, कोयता आणि विळा मिळून एवढी संख्या होणार नाही. कोयता झिजला तर लोहार त्याला पाणी देतो, आणि अगदीच निकामी झाला तर त्याचे लोखंड पुन्हा कामाला येते. या नव्या वस्तूंचे शेवटी काय होते, याचा विचार मात्र आपण अजून पुरेसा केलेला नाही.

सध्या त्यांच्या चार वाटा आहेत. काही माळ्यावर जातात. काही भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. काही उकिरड्यावर पडतात, आणि उकिरड्यावर पडलेले सर्व काही मृगाच्या आधी शेणखताबरोबर शेतात जाते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. चौथी वाट सर्वांत वाईट. बांधाच्या कडेला वायरींचा ढीग करून, वर पाचट टाकून, आतील तांब्यासाठी तो पेटवून दिला जातो. हे काम बहुधा मुलांकडे असते.

या चारही वाटांविषयी आमचे म्हणणे एका वाक्यात मावेल. बिघडलेली वस्तू अखंड असते तोवर तिचे विष बहुतेक करून आत बंद असते. ती फोडली, जाळली किंवा वितळवली की ते बाहेर पडते. म्हणून वस्तू दुरुस्त होत असेल तर करून घ्यावी, होत नसेल तर अखंड ठेवावी, आणि ज्याला ती नीट उकलता येते त्याच्याच हाती अखंड द्यावी.

विष कोठे असते

जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या टी.व्ही.च्या काचेत शिसे मिसळलेले असते, आणि त्याचे वजन किलोच्या मापाने भरते. काच शाबूत आहे तोवर ते शिसे काचेतच राहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच असते, आणि शिवाय त्यात गंधकाचे तेजाब असते. ट्यूबलाइटमध्ये आणि पूर्वीच्या वळणदार सी.एफ.एल. बल्बमध्ये थोडा पारा असतो. तो थोडाच, काही मिलिग्रॅम, पण फुटलेल्या बल्बातून त्याची वाफ होऊन ती श्वासात जाते. मोबाइलच्या आणि रेडिओच्या हिरव्या पट्टीवर शिशाचे डाग दिलेले असतात, आणि तिच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची द्रव्ये घातलेली असतात.

आपल्या देशात नव्या वस्तूंतील शिसे, पारा, कॅडमियम इत्यादींवर १ मे २०१४ पासून मर्यादा लागू झाली. याचा अर्थ असा की, त्याआधी घेतलेल्या ज्या वस्तू माळ्यावर धूळ खात आहेत, त्यांच्याविषयी अधिक काळजी घ्यावयास हवी.

धुराचा हिशेब

वायरीवरील आवरण बहुधा पी.व्ही.सी. प्लास्टिकचे असते. ते जळताना घसा आणि डोळे झोंबविणारा आम्लाचा वायू निघतो. तो वाऱ्याबरोबर जातो, म्हणून संध्याकाळपर्यंत सर्व विसरतात. पण त्याच आगीत डायॉक्सिन नावाची द्रव्येही तयार होतात, आणि तांबे जवळ असले की ती अधिक तयार होतात. म्हणजे जे मिळवण्यासाठी आग लावली, तेच तांबे विष वाढविते. ही द्रव्ये राखेबरोबर गवतावर आणि मातीवर बसतात, वर्षानुवर्षे नाहीशी होत नाहीत, आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. गाय ते गवत खाते आणि तिच्या दुधातील मलईबरोबर ती द्रव्ये आपल्या घरी येतात. कोंबडी ती माती टोचते आणि अंड्याच्या बलकाबरोबर ती येतात.

ही कल्पना नव्हे. आफ्रिकेतील घाना देशाच्या अक्रा या राजधानीत ॲग्बोग्ब्लोशी नावाची भंगाराची मोठी वस्ती होती. तेथे तरुण मुले तांब्यासाठी रोज वायरी जाळीत असत. २०१९ साली तेथे मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासण्यात आली. त्यातील एक अंडे खाल्ले, तर प्रौढ माणसाच्या पोटात युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला सह्य मानलेल्या मर्यादेच्या २२० पट डायॉक्सिन जाईल, असे त्या अहवालात निघाले. २०२१ च्या जुलैत सरकारने ती वस्ती हटविली. आपल्या बांधावरची आग त्या मानाने क्षुल्लक आहे, हे आम्ही जाणतो. परंतु कोंबडीची चोच आणि मातीचा गुण दोन्हीकडे सारखेच. ज्या अंगणात आपण गावठी अंडी मोठ्या विश्वासाने मुलांना देतो, त्या अंगणाच्या कडेला ही राख नको.

पैशाचाही विचार करू. जाळलेले तांबे काळे पडते आणि बाजारात त्याला सोललेल्या लखलखीत तांब्यापेक्षा कमी भाव येतो. साधी वायर असेल आणि तांबे विकावयाचेच असेल, तर सुरीने सोलून विकावे. नाहीतर आहे तशी द्यावी. जाळण्यात आरोग्य तर जातेच, वर भावही जातो.

गोठ्यातील धोका

गुरे पाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गुरांना शिशाची बाधा होण्याच्या कारणांत टाकून दिलेली, फुटलेली बॅटरी हे पशुवैद्यांना सर्वत्र आढळणारे कारण आहे. जनावरे, विशेषतः वासरे, फुटलेल्या बॅटरीच्या पत्र्या चाटतात. मग जनावराला दिसेनासे होते, ते दात खाते, भिंतीला डोके लावून उभे राहते, त्याला झटके येतात, आणि पुष्कळदा उपचार होण्यापूर्वीच ते दगावते. जे वाचते, त्याच्या दुधातही शिसे उतरू शकते. म्हणून गोठ्यामागे, गवताच्या गंजीजवळ किंवा चरण्याच्या रानात ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची किंवा फवारणी पंपाची जुनी बॅटरी कधीही पडू देऊ नये. जनावरात वरील लक्षणे दिसली तर ताबडतोब पशुवैद्यास बोलवावे, आणि जवळपास बॅटरी पडली होती काय, हे त्यांना आपणहून सांगावे.

बॅटरीतील तेजाब ओतून देण्याची चाल काही ठिकाणी आहे. तीही सोडावी. त्या पाण्याबरोबर शिशाचा गाळ मातीत जातो आणि तेथून काढता येत नाही.

मुलांची गोष्ट

माणसांत सर्वांत अधिक नुकसान लहान मुलांचे होते. मूल जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते, आणि मोठ्या माणसाच्या मानाने त्याच्या अंगात शिसे अधिक शोषले जाते. शिशाने मेंदूची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, पंडुरोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, निर्धोक म्हणता येईल असे शिशाचे प्रमाणच माहीत नाही. २०२० साली युनिसेफने एका अहवालात सांगितले की, जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतके शिसे आहे, आणि त्यातील फार मोठा वाटा भारतातील मुलांचा आहे. त्याची कारणे अनेक आहेत. उघड्यावर बॅटऱ्या फोडून वितळविणे हे त्यातील एक ठळक कारण.

चीनमधील ग्वीयू या गावात जगभरातून आलेला हा कचरा घराघरांत फोडला जात असे. २००४ साली तेथील १६५ लहान मुलांचे रक्त तपासले. त्यातील १३५ मुलांत शिशाचे प्रमाण त्या काळी धोक्याची मानलेल्या रेषेच्या वर होते. कारखान्यातील कामगार नव्हेत, सहा वर्षांपर्यंतची मुले. काम आईबापांनी केले आणि विष लेकरांच्या रक्तात गेले.

आपल्यातील काही तरुण बॅटरीच्या दुकानांत, मोटर वायंडिंगच्या दुकानांत आणि भंगाराच्या वखारीत काम करतात. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. कामाचे कपडे निराळे ठेवा आणि ते घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. घरी आल्यावर हातपाय आणि तोंड साबणाने धुतल्याशिवाय लेकराला उचलू नका. कामाच्या जागी विडी ओढू नका आणि भाकरी खाऊ नका. मुलांच्या जेवणात नाचणी, पालेभाजी, कडधान्ये आणि दूध असू द्या. पोटात लोह आणि चुना कमी पडला की शिसे अधिक शोषले जाते. शंका असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

आणखी एक इशारा. घड्याळात, खेळण्यात आणि छोट्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजून भोक पडू शकते. ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, "शौचातून पडेल" म्हणून वाट पाहू नये; त्याच क्षणी मोठे इस्पितळ गाठावे.

भंगारवाल्यावर खापर फोडून काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, "आम्ही तर काही जाळीत नाही. भंगारवाल्याला देतो, पुढचे तो पाहील." तो काय पाहणार? त्याच्याजवळ ना यंत्र, ना शिक्षण, ना भांडवल. त्याच्याकडून माल मोठ्या वखारीत जातो, तेथून दूरच्या शहरांत जातो. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथे रामगंगा नदीच्या काठी मोबाइलच्या आणि संगणकाच्या पट्ट्या जाळून धातू काढण्याचा धंदा वाढला, आणि नदीकाठी काळ्या राखेचे ढीग साचले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. त्या राखेत कोणाच्या घरचा मोबाइल होता, हे कोणीच सांगू शकणार नाही. आपल्यापैकी कोणाचा नव्हता, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

म्हणून भंगारवाल्याला चोर ठरवून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. लोखंड, पत्रा, बाटल्या आणि रद्दी गोळा करून तो आपल्या गावावर उपकारच करतो. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, आणि तिच्यामार्फत घरोघरचा असा कचरा गोळा करून योग्य ठिकाणी पोचविण्याचे काम झाले आहे. तेव्हा माणूस तोच असू शकतो. त्याच्या हाती आपण काय देतो आणि पुढे रस्ता कोणता आहे, यावर सारे अवलंबून आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रात, वस्तू वापरून फेकून देण्याची वृत्ती आणि माणसांना दूर लोटण्याची वृत्ती यांचा संबंध दाखविला आहे. आपल्या घरातून विष बाहेर गेले एवढ्याने काम झाले असे मानणे, म्हणजे ते दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात वाढणे होय.

मोटरला जो न्याय, तोच मोबाइलला

आता कमी कसे करावे ते पाहू. शेतकऱ्याला दुरुस्ती शिकवावी लागत नाही. विहिरीवरची मोटर जळाली तर ती कोणी भंगारात घालतो काय? तालुक्याला नेऊन वायंडिंग करून घेतो, आणि तीच मोटर पुढे अनेक हंगाम पाणी उपसते. मग मिक्सरचा ब्रश झिजला, पंख्याचा कपॅसिटर गेला, मोबाइलची बॅटरी उतरली, एवढ्यावर नवी वस्तू का घ्यावी? पंख्याचा कपॅसिटर अल्प किमतीत मिळतो. मोबाइलची नुसती बॅटरी बदलली तर तो आणखी दोन-तीन वर्षे सहज चालतो. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. नवी वस्तू घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: "हिचे सुटे भाग मिळतात काय, आणि दुरुस्ती कोठे होते?" उत्तर नसेल तर ती वस्तू स्वस्त नव्हे.

वस्तू बिघडण्याची कारणेही आपल्या हातची आहेत. वळवाच्या पावसात विजा चमकू लागण्यापूर्वी टी.व्ही., फ्रीज आणि चार्जर यांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. घराची अर्थिंग उन्हाळ्यात कोरडी पडते. तिच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे, आणि जाणत्या वायरमनकडून ती वर्षातून एकदा तपासून घ्यावी. विजेचा दाब कमी-जास्त होतो तेथे फ्रीजला स्टॅबिलायझर असावा. स्टार्टरच्या पेटीत पाली आणि मुंग्या शिरतात. पेटीची भोके बंद ठेवावीत.

फवारणीच्या पंपाची बॅटरी वापराने कमी आणि विसरल्याने अधिक मरते. हंगाम संपला की पंप कोपऱ्यात जातो, बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात ती चार्जच घेत नाही. हंगामानंतर ती पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाण्याची खूण पाहून फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, विहिरीचे घालू नये. एवढ्या काळजीने बॅटरी आपला पूर्ण काळ चालते.

घरात कसे ठेवावे

निकामी वस्तूंसाठी घरात एक झाकणाचा खोका करावा. तो कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर आणि चुलीपासून लांब असावा. पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. ट्यूबलाइट किंवा सी.एफ.एल. बदलताना जुनी नव्याच्या पुठ्ठ्यात घालून ठेवावी. फुटलीच तर मुलांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, मग पुठ्ठ्याने काचा गोळा करून ओल्या कागदाने जागा पुसावी, आणि सर्व काही झाकणाच्या बरणीत बंद करावे. केरसुणीने झाडू नये.

२. सेल रिमोटमधून आणि विजेरीतून काढून ठेवावेत. बटण सेल आणि मोबाइलच्या बॅटऱ्या यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे एकमेकांना लागून ठिणगी पडत नाही.

३. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून, घराबाहेर सावलीत ठेवून, लवकरात लवकर द्यावी.

४. जुना टी.व्ही. आणि फ्रीज उघडू नयेत. टी.व्ही.च्या आत बंद झाल्यावरही विजेचा झटका बसू शकतो, आणि फ्रीजच्या नळ्या कापल्या की आतील वायू हवेत जातो. काही नव्या फ्रीजमध्ये तर पेट घेणारा वायू असतो.

५. मोठी बॅटरी उभी, फळीवर ठेवावी. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी आणि तिची किंमत बिलात वजा करून घ्यावी.

६. मोबाइल देण्यापूर्वी फोटो आणि नंबर दुसरीकडे घ्यावेत, सिम आणि मेमरी कार्ड काढावे, बँकेची आणि पैशांची ॲपे बंद करून मोबाइल मूळ स्थितीस आणावा. पुष्कळजण याच भीतीने जुने मोबाइल पेटीत ठेवतात. हे काम घरातील शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना करून द्यावे.

कोणास द्यावे

वस्तूवर किंवा तिच्या कागदावर चाके असलेली कचरापेटी आणि तिच्यावर फुली, असे चिन्ह तुम्ही पाहिले असेल. ही वस्तू साध्या कचऱ्यात टाकू नये, असा त्याचा अर्थ. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात, आणि वस्तू बनविणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात जुन्या मालाचे पुनश्चक्रण करून घेण्याची जबाबदारी आहे. २०२५-२६ साठी हे प्रमाण ७० टक्के होते आणि २०२७-२८ पासून ते ८० टक्के आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ च्या ऑगस्टपासून निराळे नियम आहेत. नोंदणी झालेल्या कारखान्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. कर्नाटकच्या मंडळाचे प्रादेशिक कार्यालय बेळगावलाच आहे, आणि गोव्याच्या वाचकांसाठी गोवा राज्याचे मंडळ आहे.

अशा कारखान्यात हा कचरा म्हणजे खाण असते. जपानने २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून ६२ लाखांहून अधिक जुने मोबाइल आणि इतर छोटी यंत्रे गोळा केली. त्यातून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघाले, आणि टोकियोच्या ऑलिंपिकची सर्व पदके त्यातूनच घडविली गेली. याउलट जगाचा एकूण हिशेब असा की, २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातील २२.३ टक्केच नीट गोळा होऊन पुनश्चक्रणास गेल्याची नोंद आहे. देशांच्या यादीत चीन आणि अमेरिका यांच्यानंतर आपला क्रमांक लागतो.

मग कायदा आहे, कारखाने आहेत, तर अडते कोठे? अडते ते आपल्या गावच्या वाटेवर. एका घरातील दोन चार्जर आणि एक मोबाइल नेण्यासाठी शहरातून कोणी गाडी पाठविणार नाही. टेम्पोभर माल असेल तर पाठवील. ज्याप्रमाणे एकेकट्याचे दूध डेअरीला परवडत नाही, म्हणून गावात संकलन केंद्र असते, तसाच हा प्रश्न आहे.

आमची सूचना

यासाठी धर्मग्राम परिषदेपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवीत आहोत. वर्षातून दोन रविवार नेमावेत: एक नाताळची झाडलोट आणि रंगसफेदी सुरू होते तेव्हाचा, आणि दुसरा पास्कानंतरचा, वळीव सुरू होण्याआधीचा. त्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात प्रत्येक घराने आपला खोका आणावा. युवा मंडळाने वजन करून घरवार वहीत नोंद करावी. नोंदणी झालेल्या कारखान्याची गाडी आधी ठरवून त्याच दिवशी बोलवावी, म्हणजे माल आवारात साठून राहणार नाही, आणि माल दिल्याची पावती घेऊन ती फलकावर लावावी. हे काम जातिधर्माचे नव्हे. गावातील सर्व शेजाऱ्यांना आणि शाळेलाही निरोप द्यावा.

पैशाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. जो दर मिळेल तो ज्याच्या त्याच्या घरी वजनाप्रमाणे गेला पाहिजे. नुसत्या उपदेशावर ही व्यवस्था चालणार नाही. गरीब घराला भंगाराचे पन्नास रुपयेही मोलाचे असतात. ज्यांना आपला वाटा गरजूंसाठी द्यावयाचा असेल त्यांनी तो खुशीने द्यावा. आणि आपल्या भागातील भंगारवाल्यांनाही त्या दिवशी आपला माल घेऊन बोलवावे. त्यांनी हा माल न फोडता आणला आणि त्यांना रास्त दर मिळाला, तर पुढे वर्षभर तेच आपले संकलन केंद्र होतील.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गावाने काय फरक पडणार? जगाच्या ढिगाला पडणार नाही, हे खरे. पण आपल्या बांधावर राख पडावयाची थांबेल, आपल्या गोठ्यामागे बॅटरी पडणार नाही, आणि आपल्या शेणखतात काच आणि सेल जाणार नाहीत. हा फरक आपल्या हयातीत आणि आपल्या डोळ्यांदेखत दिसणारा आहे.

पहिल्या रविवारची वाट न पाहता या आठवड्यात तीन कामे करावीत. माळा आणि गोठ्यामागची जागा पाहून निकामी वस्तू एका खोक्यात घालाव्यात. फवारणीच्या पंपाची बॅटरी चार्जला लावावी. आणि वायरी जाळण्याचे काम कोणी मुलांना सांगत असेल, तर त्याला आजच थांबवावे.